लांब चालणारा गेम

"चलता है मैडम, एकदम अच्छा चलता है. टीव्ही को लगाके दिखाऊँ क्या?"

"वैसा नहीं. खतम होने में कितना टाइम लगता है?"

विभावरीने हातातली तबकडी खिडकीच्या उजेडात तिरपी धरून तिच्या पाठीवरचे ओरखडे पाहिले. ती गालिच्यावर मांडी घालून बसली होती. समोर खोका, खोक्यात व्हिडिओ गेमच्या डब्या. शुक्रवारची सकाळ होती. अल मजाजमधल्या त्या फ्लॅटमध्ये संसार जमिनीवर मांडून ठेवलेला होता: कुकर, इस्त्री, मुलांची सायकल, गुंडाळलेले पडदे. खाली लिफ्टशेजारच्या फलकावर हाताने लिहिलेला कागद होता, देश सोडतो आहोत, सामान विकणे आहे. मंदीत असे कागद शारजातल्या प्रत्येक इमारतीत लागलेले असत; आता ते क्वचितच दिसत.

त्या घरची बाई साजिदा, हैदराबादची. तिने कमरेवर हात ठेवले आणि ती हसली.

"क्या मैडम आप भी! माँ लोगां आके पूछते, जल्दी खतम होने वाला है क्या, बच्चा पढ़ाई को बैठना. आप पहले हैं जो लंबा माँगते. बेटे को है?"

"बेटी को," विभावरी सहज खोटे बोलली. सवयीने आता जीभ अडखळत नसे.

फुटबॉल तिने बाजूला सारला. मोटारींच्या शर्यतीचा गेम उचलूनही पाहिला नाही. लढाईचा एक निवडला आणि पैसे द्यायला हात पुढे केला, तेव्हा बाही कोपरापर्यंत मागे सरली. साजिदाचे हसू थांबले. हातावरचे बोटांचे निळे-पिवळे वळ तिने नीट पाहिले, मग नजर काढून घेतली. आत गेली, आणि एक जाड डबी घेऊन परत आली.

"ये हमारे मियाँ का है. रमजान के पहले चालू करे थे, ईद होके गई तो भी खतम नहीं हुआ. लेके जाओ. पैसे नक्को."

"अरे नहीं, ऐसे कैसे..."

"लेके जाओ बोली ना." तिने डबी विभावरीच्या पिशवीत घातली. मग दारापर्यंत येऊन हळू आवाजात म्हणाली, "बहुत लंबा है मैडम. लेकिन खतम तो ये भी होता."

विभावरी तिचे आभार मानून लिफ्टमध्ये शिरली आणि दार मिटेपर्यंत जमिनीकडे पाहत राहिली.

तिचा नवरा शैलेंद्र एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होता. मंदी आली तेव्हा त्याचा टॉवर जमिनीच्या जेमतेम वर आलेला होता. तिथेच तो थांबला, आणि शैलेंद्रलाही थांबवले गेले. विभावरी दुबईत, ऊद मेथाच्या एका भारतीय शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती. शिक्षिकांना खास परवानगी काढून नवऱ्याचा व्हिसा स्वतःच्या नावावर घेता येई. मुंबईला परत जायला शैलेंद्र तयार नव्हता. "कोणत्या तोंडाने जाऊ? एअरपोर्टवर घ्यायला येतील सगळे, हारतुरे घेऊन?" म्हणून तिने खेटे घालून ती परवानगी मिळवली. नव्या शिक्क्याचा पासपोर्ट घरी आला, तो त्याने हॉलमध्ये उभे राहून मोठ्याने वाचला. प्रायोजकाच्या जागी तिचे नाव होते. खाली लिहिले होते, धारकास नोकरी करण्याची मुभा नाही.

"वा, वा! लग्नात तुझ्या बाबांनी तुला माझ्या हवाली केलं. आता ह्या लोकांनी मला तुझ्या हवाली केलं. काय स्पॉन्सर मॅडम, पाणी प्यायची परवानगी आहे ना?"

ती हसली. चेष्टा आहे असे तिला वाटले. पहिली थप्पड त्या हसण्यावर पडली.

त्यानंतर मारायला कारण लागेनासे झाले. आमटीत मीठ कमी आणि शाळेतून यायला उशीर, दोन्हीला शिक्षा एकच. तो चेहऱ्यावर मारत नसे, कारण सकाळी तिला वर्गात उभे राहायचे असे आणि घर तिच्या पगारावर चालत होते. ही काळजीसुद्धा तो इंजिनिअरच्या काटेकोरपणे घेई. एकदा तिचा खांदा निखळला. स्टाफरूममध्ये तिने न्हाणीघरात पाय घसरल्याचे सांगितले आणि सगळ्यांनी तिला रबरी चटई घ्यायचा सल्ला दिला.

मग शेजारचे एक कुटुंब देश सोडून गेले आणि जाताना आपला जुना प्लेस्टेशन यांच्याकडे ठेवून गेले. शैलेंद्रने वेळ घालवायला म्हणून तो लावला. त्या दिवसापासून घरात आवाज चढला नाही. तो जेवायला हाक मारली की यायचा, जेवायचा, परत जाऊन बसायचा. हॉलमध्ये दिवसभर माणसे मरत होती आणि घरात शांतता नांदत होती. मग एका संध्याकाळी गेम संपला. पडद्यावर बनवणाऱ्यांची नावे वर सरकू लागली. त्याने कंट्रोलर टीपॉयवर व्यवस्थित ठेवला आणि हाक मारली, "विभा, जरा इकडे ये."

निरीक्षणावरून नियम काढणे हे विभावरीचे कामच होते. गेम चालू असला की हात गुंतलेले. गेम संपला की हात रिकामे. फुटबॉलमध्ये तो हरायचा, म्हणून फुटबॉल नको, शर्यतीचेही तसेच. कोडी दोन बैठकांत सुटत. सैन्ये, किल्ले, मोठाले नकाशे असलेले गेम सर्वांत टिकत. हे एकदा ध्यानात आल्यावर ती दर शुक्रवारी बाहेर पडू लागली. फलकावरचे कागद वाचत इमारतींमागून इमारती पालथ्या घातल्या; जुन्या सामानाच्या बाजारात याकूबच्या दुकानात तासन्‌तास खोकी उपसली. पिठाच्या डब्यामागे तिने पुढच्या गेमची शिल्लक राखून ठेवली होती. चालू गेम संपत आला असे वाटले की नवा त्याच्या हाताशी ठेवायचा, अगदी सहज, रद्दीच्या कागदात गुंडाळून.

"कितीला?" तो विचारी.

"पंचवीस दिरहम."

"म्हणजे तीनशे रुपयांच्या वर गेले. उडव, उडव. तुझाच पैसा आहे, बाई." पण डबी तो उघडायचा.

दोन वर्षे ती अशी इतरांच्या पडझडीवर जगली. मग बाजार सावरू लागला. स्टाफरूममध्ये पेढे आले, कुणाच्या नवऱ्याला नोकरी लागली होती. याकूबही खुशीत होता. "मैडम, अब माल नहीं आता. लोग जाना बंद कर दिए. इन्शाल्ला, मार्केट उठ रहा है." विभावरीने रिकाम्या खोक्यात हात घालून तळ चाचपला. पिठाच्या डब्यामागे काही उरले नव्हते. साजिदाचा कागद तिला दिसला तो त्याच आठवड्यात.

या सगळ्यात केया होती. त्यांची मुलगी, दहावीतली. ती कानांत हेडफोन घालून आपल्या खोलीत असे, मराठीत विचारले तर इंग्रजीत उत्तर देई. तिला काही ऐकू जात नाही, असे विभावरीने धरून चालले होते. तसे धरल्याशिवाय तिला निभावता आले नसते.

साजिदाचा गेम खरोखरच लांब होता. शैलेंद्र त्यात बुडून गेला. जेवताना तो आपणहून बोलू लागला, कुठला किल्ला पडला, कुठे दगाफटका झाला. "आता शेवटचाच टप्पा आहे. ह्या शुक्रवारी राजाला खाली पाडतोच बघ," तो एकदा म्हणाला. विभावरीच्या हातातला घास थांबला. तिने केयाकडे पाहिले नाही. केयाने मात्र आईकडे पाहिले.

त्या शुक्रवारी दुपारी विभावरी कणीक मळत होती. हॉलमधून नेहमीचे संगीत ऐकू आले, मग ते थांबले, मग पुन्हा सुरुवातीपासून वाजले.

"माझा गेम कुठाय?"

ती जागची हलली नाही.

"विभा! मेमरी कार्ड रिकामं आहे. दोन महिन्यांचा खेळ होता त्यावर. कुणी हात लावला?"

"मी डिलीट केला."

आवाज केयाचा होता, आणि मराठीत होता. विभावरी पिठाच्या हातांनी धावली. केया हॉलच्या मधोमध उभी होती, हेडफोन गळ्यात लोंबत होते. शैलेंद्रने तिच्याकडे काहीसे नवलाने पाहिले. ही मुलगी घरात आहे हे जणू त्याला आताच कळत होते. मग त्याने वायरीला धरून कंट्रोलर फिरवला.

पहिला घाव भुवईवर बसला. केया ओरडली नाही. तिने फक्त हात वर नेला आणि बोटांमधून रक्त मनगटावर आले. दुसरा घाव त्या हातावर. "माझ्या वस्तूला! हात! लावतेस!" प्रत्येक शब्दाला एक, असा तो मारत होता. ती सोफ्याशी कोलमडली तरी वायर फिरतच होती.

स्वतःवरच्या माराचे विभावरीचे नियम ठरलेले होते: चेहरा झाकायचा, आवाज करायचा नाही, संपेपर्यंत मोजायचे नाही. या माराचा तिच्याकडे नियम नव्हता. ती मध्ये पडली, तर त्याने डाव्या हाताने तिला भिंतीवर फेकले. तिचे डोके आपटले, ओठ दातांत सापडला. ती उठली. त्याने टेकण्यासाठी उजवा हात टीपॉयवर ठेवला होता, धाप लागली होती म्हणून. तिने टीव्हीखालचा प्लेस्टेशन दोन्ही हातांनी उपसला. वायरी तटातट तुटल्या. आणि तो जड काळा ठोकळा तिने त्या हातावर आणला. एकदा. परत. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वच्छ ऐकला आणि तरी आणखी एकदा आणला.

शैलेंद्र गुडघ्यांवर बसला. वेड्यावाकड्या झालेल्या बोटांकडे तो पाहत राहिला.

"विभा... अगं, माझा हात," तो म्हणाला. एवढ्या मऊ आवाजात तो तिच्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

तिने ठोकळा खाली ठेवला आणि केयाच्या भुवईवर ओढणी दाबून धरली. ओढणीला कणीक लागली होती, तीही लाल झाली.

"का गं? का हात लावलास?"

"इट वॉज एंडिंग, मम्मा." केयाचे दात वाजत होते. "यू ऑल्वेज लुक फॉर द लाँग वन्स. सो आय मेड इट लाँगर. ही वुड हॅव टु स्टार्ट अगेन, ना?"

विभावरी शुक्रवारमागून शुक्रवार पायपीट करत होती ती या पोरीला यातले काही कळू नये म्हणून. आणि पोरगी बंद दाराआड बसून सगळे शिकली होती: गेम कोणता आणायचा, कधी द्यायचा, बाप कसा गुंतवून ठेवायचा. आपल्यानंतर ही पुढे हेच चालवणार होती, आपल्यापेक्षा हुशारीने.

टॅक्सीवाल्या पठाणाने तिघांकडे पाहून सीटवर वर्तमानपत्र अंथरले. इस्पितळाच्या खिडकीवर काय झाले विचारले, तेव्हा शैलेंद्र तिच्याआधी बोलला. "टीव्ही गिर गया." खिडकीतल्या माणसाने एक फुटलेली भुवई, एक फाटलेला ओठ आणि एक मोडलेला हात आळीपाळीने पाहिला. मारहाण असेल तर पोलिसांना कळवावे लागेल, असे त्याने सावकाश सांगितले. विभावरीने त्या वेळी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही.

हाताला प्लास्टर घालून घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी तिने शैलेंद्रसमोर चहा ठेवला.

"मी तुझा व्हिसा कॅन्सल करते आहे."

त्याला आधी हसू आले. "हाकलतेस? मला? आणि लोकांना काय सांगशील?"

"लोकांना रबरी चटई सुचते. सांगेन काहीतरी."

"आणि केयाची दहावी?"

"केया इथेच राहील. माझ्याजवळ."

त्याने डावा हात उगारला. ती मागे सरली नाही. तिने चेहराही झाकला नाही.

"मार. त्या खिडकीतल्या माणसाला माझा चेहरा आठवतो आहे. तुला जायचंच आहे. पोलिसांबरोबर जायचं की विमानाने, तेवढं तू ठरव."

हात बराच वेळ तसाच राहिला. मग त्याने तो खाली घेतला आणि चहाचा कप उचलला. डाव्या हाताने चहा बशीत सांडला.

शाळेच्या मंदूबने, म्हणजे सरकारी कागदपत्रांसाठी धावणाऱ्या माणसाने, तिला बजावले होते की नवऱ्याची लेखी संमती जोडली तर पुढे खळखळ होत नाही. म्हणून आठवड्याच्या मध्यावर दोघे व्हिसाचे अर्ज टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये शेजारी शेजारी बसले. आत गर्दी होती. कुणी नवा व्हिसा काढत होते, कुणी बायकामुलांना बोलावून घेत होते. टायपिस्टने मान वर न करता विचारले,

"स्पॉन्सर कौन?"

"मैं."

"रिलेशन?"

"हजबंड."

प्रिंटरमधून गरम कागद आला. टायपिस्टने शैलेंद्रपुढे तो सरकवला, गळ्यातल्या झोळीतला हात पाहिला आणि पेन दुसऱ्या बाजूला ठेवले. "यल्ला भाईसाब, इधर साइन."

शैलेंद्रची सही पूर्वी एका फटकाऱ्यात होई. मजल्यांमागून मजले त्या सहीवर उभे राहिले होते. आता त्याने डाव्या मुठीत पेन धरले आणि पहिली रेघ ओढली, तशी कागदच पुढे घसरला. त्याने पुन्हा टेकवले. कागद पुन्हा सरकला. मागच्या रांगेतले कुणीतरी चुकचुकले. शैलेंद्रचे कान लाल झाले, पण त्याने मदत मागितली नाही.

विभावरीने आपला तळहात कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि दाबून धरला. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. पहिली इयत्ता शिकणाऱ्या मुलासारखे तो एकेक अक्षर काढत होता, श्वास रोखून, वळणावळणावर थांबत. आणि शेवटचे अक्षर पुरे होईपर्यंत तिने हात उचलला नाही.