मंजुरीला अडकलेली बातमी

बायको, नलू, गेल्याची बातमी गंगाधर परबांनी सकाळी साडेसातला सोसायटीच्या ॲपवर टाकली आणि दार सताड उघडं ठेवून ते बसून राहिले. कुणाची बेल वाजवली नाही, ठाण्याच्या पुतण्याशिवाय कुणाला फोन केला नाही. काळाचौकीत सुखाला बोलावणं लागतं, दुःखाला माणूस आपल्या पायांनी येतो. चाळ होती तेव्हा जिन्याखालच्या फळ्यावर खडूने दोन ओळी लिहिल्या की पुरे. बांबू कोण आणणार, मडकं कोण आणणार, हे विचारावंसुद्धा लागत नसे. तो फळा पस्तीस वर्षं गंगाधरच लिहायचे.

पुढे चाळीचा टॉवर झाला. जुनी बिऱ्हाडं चिठ्ठ्या टाकून बावीस मजल्यांवर विखुरली, फळा भंगारात गेला आणि ॲप आलं. गंगाधर त्यावरही लिहायला लागले. गणपतीची जागा पार्किंगला दिली ती कुणाला विचारून? रोज सकाळी हाच सवाल. म्हातारा हट्टी, ऐकतोय थोडाच.

सेक्रेटरी उन्मेष लहानपणी नलूच्याच हातचं जेवून मोठा झालेला. तो एकदा लिफ्टपाशी म्हणाला, "काका, ॲप सोसायटीचं आहे. आपल्या भिंतीवर कुणी काय लिहायचं ते मालक ठरवतो. बोलायचं स्वातंत्र्य सरकारकडे मागा, आमच्याकडे नाही."

"आणि गणपतीच्या जागेचा मालक कोण होता रे?"

उन्मेष नुसता हसला. वाद नको म्हणून काकांचा प्रत्येक मजकूर आधी आपल्याकडे मंजुरीला येईल, एवढी सोय मात्र त्याने गुपचूप करून ठेवली. गंगाधरना आपलं लिहिलेलं आपल्या फोनवर दिसत होतं. उत्तर कुणाचंच येत नाही, तेव्हा ते म्हणायचे, "घाबरतात लेकाचे."

नऊ वाजले तरी दारात कुणी नाही. शेजारचा फ्लॅट भाड्याचा, त्याला कुलूप. दुखण्यात नलूचं एकच मागणं होतं, मला आपल्या चाळीतल्या माणसांनी न्यावं, परक्यांनी नको. गंगाधर लिफ्टचा आवाज आला की उठायचे आणि पुन्हा बसायचे.

ठाण्याहून पुतण्या शंतनु आला. घर रिकामं बघून तो म्हणाला, "काका, मी खाली जाऊन सांगून येतो."

"खबरदार! अर्ध्या चाळीची बाळंतपणं हिने काढली. त्यांना आता आमंत्रण धाडू?"

अकरा वाजता त्यांचा धीर सुटला. नलूच्या उशाशी बसून तिच्या केसांवरून हात फिरवत ते म्हणाले, "कुणी येत नाही गो. विसरले तुला. उगाच जीव लावलास सगळ्यांना." आणि मग ते लहान पोरासारखे रडले.

बारा वाजता नलू निघाली. शंतनु, त्याचा मित्र, वॉचमन आणि शववाहिनीचा ड्रायव्हर, एवढेच चार खांदे. वॉचमनने तिच्या हातचा चहा रोज घेतलेला, तो डोळे पुसत होता. सगळ्या इमारतीला ठाऊक असेल, असंच त्या बिचाऱ्याला वाटलं.

पाचच्या सुमाराला उन्मेष ऑफिसातून धावत वर आला. त्याच्यामागे बकुळावहिनी, रमाकांत आणि चाळीतली जुनी माणसं, कुणी अनवाणी, कुणाच्या हाताला पीठ लागलेलं. दार माणसांनी भरून गेलं.

"काका, तुमचा मेसेज माझ्याकडे अडकला होता," उन्मेष म्हणाला. "तुमचे सगळेच मी अडवत होतो. दिवसभर मीटिंगमध्ये होतो, आत्ता उघडून पाहिलं. कुणाला कळलंच नाही, काका."

बकुळावहिनी उंबऱ्यातच बसल्या. "अहो, मी दोन मजले खाली भाजी निवडत बसले होते," म्हणाल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

गंगाधर कुणावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर उन्मेषला बरं वाटलं असतं. तो त्यांच्या पायाशी बसला. "काका, आजपासून तुमचं एक अक्षर अडवणार नाही. काय हवं ते लिहा."

"मी तिला सांगितलं रे, विसरले तुला म्हणून," गंगाधर म्हणाले. "ती तेवढंच ऐकून गेली. आता तिला खरं कोण सांगणार?"