चिखलाची पहिली पाटी

ओंकारने बूट काढून उंबऱ्याशी नीट जोडून ठेवले. दिनानाथांना ते आवडलं. कंपनीची माणसं सहसा बुटांसकट आत येतात.

त्याला काही मागायचंही नव्हतं. कंटेनर ठेवायच्या यार्डासाठी गावाची खारजमीन कंपनीने दोनदा मागून पाहिली होती आणि गावाने दोनदा नाही म्हटलं होतं. तो विषय त्याने काढलाच नाही. येत्या अमावास्येला गाडी पाठवतो, घरातल्या सगळ्यांनी पालीला बल्लाळेश्वराला जाऊन या, सावकाश संध्याकाळी परता, एवढंच. मग त्याने दिनानाथांच्या लेकीची, प्राप्तीची, चौकशी केली. परदेशी विद्यापीठाची पदवी, अर्थशास्त्र आणि व्यवसाय. काय काय शिकवतात त्यात? दिनानाथ खुलले. हाच प्रश्न ते लेकीला तीन वर्षं विचारत होते. पहिल्या वर्षी नुसते आकडे, मग देशोदेशीचा व्यापार, आणि आता म्हणे माणसं एकमेकांची वाट बघत कशी बसतात ते. त्यासाठी एवढं लांब कशाला जायचं, आपल्या ग्रामपंचायतीत बस, असं ते तिला चिडवायचे. चहा देता देता प्राप्तीही हसली.

ओंकार उठला.

"येतो काका. पहिली पाटी तुमच्याच घरची ना? मोठा मान आहे."

कप उचलता उचलता प्राप्तीने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

बांधाला खांड पडून खाडी शेतात घुसायला लागली की हाकेसरशी गाव जमतं; पण दिनानाथांच्या घरची चिखलाची पाटी खांडीत पडेपर्यंत दुसरं कोणी हात लावत नाही. एकदा खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं भात होत नाही, मग जमीन मागणाऱ्याला नाही म्हणायची ताकद उरत नाही. पाटीची ही रीत गावाबाहेर कोणी सांगत नसे, सांगण्यासारखं त्यात कोणाला काही वाटतच नसे. प्राप्तीला मात्र वाटलं. मागच्या उन्हाळ्यात न्हावा शेव्याच्या एका ऑफिसात उमेदवारी करताना तिने कॉलेजसाठी या रितीवर अहवाल लिहिला. सगळे एकमेकांची वाट बघत असताना एक घर आधी उठतं, म्हणून गाव वाचतं. ते घर त्या दिवशी गावात नसेल, तर कोणीच उठणार नाही. अहवालात ती वर्गात पहिली आली. ऑफिसनेही एक प्रत हौसेने ठेवून घेतली.

ओंकारची गाडी रस्त्याला लागल्यावर ती वडिलांजवळ येऊन बसली.

"बाबा, अमावास्येला पालीला नको जायला."

"का गं? देवाला जायचं, त्यात वाईट काय हाय?"

"मोठं उधाण आहे त्या दुपारी."

मग तिने अहवालाचं सगळं सांगितलं, अडखळत, खाली बघत. दिनानाथांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"बरं. न्हाय जात," ते म्हणाले.

तिचा जीव भांड्यात पडला.

"आनी काय लिवलंस त्यात?"

प्राप्तीने मग तेही सांगितलं. शेवटच्या पानावर बांधाचा नकाशा होता. पाणी सोडायच्या जुन्या उघाडीपाशी बांध आतून पोकळ झालाय, हे लहानपणी बाबांनीच तिला बोट धरून नेऊन दाखवलं होतं. तिथे तिने लाल टिंब दिलं होतं.

दिनानाथ उंबऱ्याशी वाकले. ओंकारचे बूट होते तिथे चिखल उरला होता. गावात सगळीकडे करडा चिखल असतो, काळा तेवढा उघाडीपाशी. त्यांनी तो बोटांवर घेऊन चोळला. अजून ओला होता.

अमावास्येला चार दिवस होते, हाक कोणीच दिली नव्हती, तरी ते परसात गेले आणि त्यांनी खुंटीवरची पाटी उतरवली.