अण्णांच्या हातची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. माझी एक कड चेपली आहे. ती कशी चेपली हे सांगायची लाज वाटते, तरी सांगते.

चाकणच्या एका कंपनीत यंत्रं लाकडी खोक्यांत बंद करून पाठवतात. सोपानराव तिथे सुतार होते. उरलेल्या फळीतून त्यांनी मला कापलं, घासून गुळगुळीत केलं, माझ्यावर आकडे कोरले आणि लेकीला, मंजुषाला दिलं. ती पिंपळे गुरवच्या शाळेत शिकवायची. माझ्या आधाराने फळ्यावर सरळ रेघा मारायची. तेव्हा मी सुखात होते.

मग ती मस्कतच्या एका भारतीय शाळेत गेली. वर्गात पंचेचाळीस मुलं, शिवाय सोडून गेलेल्या शिक्षिकेचे तासही हिच्याच माथी. तिचा आवाज बसला, तशी ती मला टेबलावर आपटू लागली. आधी दिवसातून एकदा, मग प्रत्येक तासाला. पुढच्या बाकावरची मुलं डोळे मिटून घेत.

मार्चमध्ये सोपानराव गेले. परीक्षा तोंडावर होती, रजा मिळाली नाही. मंजुषाने वडिलांचा अंत्यविधी फोनवर पाहिला आणि तास घ्यायला गेली. दुसऱ्या बाकावरची अंजली कशाला तरी हसली. मंजुषाने मला उगारून उभ्या कडेने तिच्या बाकावरच्या हातावर मारलं. एकदा. दोनदा. तिसऱ्या फटक्याला बोटाचं हाड मोडलेलं मला कळलं. माझी कड चेपली, आकड्यांत रक्त भरलं.

मुख्याध्यापक म्हणाले, "बोट दारात सापडलं, असं लिहून द्या. मुलीला आम्ही समजावतो."

मंजुषाने लिहून दिलं.

सुट्टीत ती रहाटणीला घरी आली. तिच्या आईने, सावित्रीबाईंनी, मला बॅगेतून काढलं.

"तुझ्या अण्णांच्या हातची हाय. फोटोपाशी ठेवू."

"नको आई. हिनं एका पोरीचं बोट मोडलंय."

"हिनं? हिला काय हात हायेत व्हय?"

मंजुषाने मला आईच्या हातून घेतलं. "मी मोडलं."

"मग त्या लेकराच्या घरी सांगितलंस?"

"नाही. नोकरी जाईल."

"जाऊ दे. आधी दोन घास खा. उपाशीपोटी नीट बोलशील व्हय? मग लाव फोन."

ती जेवली. मग तिने फोन लावला. "अंजलीच्या आई, मी मंजुषा मॅडम. बोट दारात सापडलं नव्हतं. मी मारलं."

पलीकडून एक बाई जिवाच्या आकांताने ओरडू लागली. मंजुषाने फोन ठेवला नाही.

मित्रांनो, तुमच्या बाई टेबल आपटू लागल्या, तर घरी सांगा. आणि मोठ्यांनो, बाईंना वेळेवर रजा द्या. मी लाकूड आहे, उगारल्यावर मला थांबता येत नाही. तिला थांबवणारं त्या दिवशी कुणीतरी हवं होतं.