पिवळ्या डबीतले चिंचोके

ताटलीत सेफ्टी पिन पडली. टिण्ण!

एवढ्याशा आवाजानं स्वयंपाकघरातली शांतता फुटली, आणि तव्यावरची पोळी केव्हाची करपून गेलीय हे शुभांगीच्या ध्यानात आलं.

"आई, लाव ना गं पिन. रिबीन सारखी घसरतेय." वेदिका पाठमोरी उभी राहिली. अकरा वर्षांची, सहावीतली पोर. दोन वेण्या आणि त्यांच्यावर झेंडूच्या फुलांसारख्या टच्च दोन पिवळ्या गाठी. "आज रस्सीखेच आहे, माहितीये ना?"

"माहितीये बाई. आठ दिवसांत या घरात दुसरा विषय निघालाय का?"

"मग अशी का करतेस? कालपासून गप्पच आहेस. आम्ही हरणार असं वाटतंय ना तुला?"

शुभांगीनं पिन दातांत धरली. पिन दातांत असली की बोलावं लागत नाही. सावकाश रिबीन सारखी केली, पिन लावली, आणि त्या इवल्याशा मानेवर ओठ टेकवले. तेलाचा वास आला. तान्ही असताना यायचा तसाच.

शुभांगी वेदिकाच्याच शाळेत कारकून होती. स्वतः शिकलेलीही तिथंच. काल दुपारी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, तिला आत बोलावून दार लोटून घेतलं होतं आणि संस्थेचं पत्र पुढं सरकवलं होतं. जूनपासून शाळा बंद. पट घसरला, जागेचा सौदा झाला. एकशे त्रेचाळीस मुलींचे दाखले तयार करायचे. परीक्षा संपेपर्यंत मुलींना कळू द्यायचं नाही. "वेदिकालासुद्धा नाही हं, शुभांगी," असं बाईंनी मुद्दाम बजावलं होतं. पहिले बारा दाखले तिनं कालच लिहिले. तेराव्यावर लेकीचं नाव आलं, तेव्हा पेनाला टोपण लावून ती उठली.

"हरणार नाही तुम्ही," ती आता म्हणाली. "चल, दूध पी."

"जिंकलो की गेट आमचं! झेंडूचा पिवळा द्यायचा हं आई, लिंबाचा फिका नको."

गेट म्हणजे काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं.

नाशिकच्या गंगापूर रोडवरून आत वळलं की गल्लीच्या टोकाला ही मुलींची शाळा. मुलींची चार हाऊस, आणि चारही हाऊसना जिल्ह्यातल्या नद्यांची नावं. गोदावरी लाल, दारणा हिरवं, गिरणा निळं, कादवा पिवळं. वर्षभर खेळ, गाणी, रांगोळ्या, नीटनेटकेपणा, सगळ्याला गुण. ढाल-बिल काही नाही. जे हाऊस जिंकेल त्याच्या मुलींनी, त्यांच्या आयांनी मिळून शाळेचं लोखंडी गेट आपल्या रंगात रंगवायचं. मग वर्षभर गावानं त्या रंगातून आत यायचं, त्याच रंगातून बाहेर पडायचं. दरवर्षीचा रंग आधीच्या रंगावर चढत गेलेला. बिजागरीपाशी टवका उडालाय, तिथं झाडाच्या खोडातल्यासारखी वळी दिसतात. हिरवं, हिरवं, निळं, लाल, पुन्हा हिरवं, आणि पार खोल, नखाच्या टोकाएवढं पिवळं. ते पिवळं शुभांगीच्या हातचं. ती नववीत असतानाचं. त्यानंतर कादवा कधी जिंकलंच नाही. वेदिका पहिलीत असल्यापासून रोज शाळेत शिरताना त्या पिवळ्या ठिपक्याला बोट लावून मगच आत जायची.

कादवा जिंकत नसे, त्याला कारणही तसंच होतं. शाळेचा रिवाज असा की बहिणीमागे बहीण, आईमागे लेक, एकाच हाऊसमध्ये. कधीकाळी मखमलाबादकडच्या फुलांच्या मळ्यातली एक मुलगी कादवात पडली. मग तिच्यामागून बहिणी आल्या, चुलत बहिणी आल्या, भाच्या आल्या, आणि बघता बघता निम्मं कादवा फुलवाल्यांचं झालं. शुभांगीचं माहेरही त्यातलंच. या पोरींचे हात असे दणकट, की रस्सीखेचीत त्यांच्यापुढं कुणाचा पाय टिकायचा नाही. पण वेळेवर शाळेत येणं काही त्यांच्या हातात नव्हतं. पहाटे झेंडू, शेवंती खुडायची, टोपल्या गाडीत चढवायच्या, मग अंघोळ, मग शाळा. आणि उशिराला एक गुण वजा.

हा हिशेब बायडाबाईकडे. शाळेची जुनी शिपाई. तिला अक्षर-आकडा येत नाही, म्हणून तिनं आपली रीत काढली होती. गेटपाशी स्टुलावर चार रंगांच्या चार पत्र्याच्या डब्या. घंटा झाल्यावर जी येईल तिच्या रिबिनीचा रंग बघायचा आणि त्या रंगाच्या डबीत एक चिंचोका टाकायचा. महिनाअखेरीला शुभांगीनं चिंचोके मोजायचे आणि फळ्यावर आकडा लिहायचा. इतक्या वर्षांत बायडाबाईच्या डबीवर कुणी शंका घेतली नव्हती. तिच्या नातीचा चिंचोकाही तिनं डोळ्यांदेखत टाकलेला सगळ्यांनी पाहिला होता.

मैदानावर रस्सीखेच रंगली. शेवटची झुंज कादवा आणि दारणा यांची. दारणाची कप्तान तनिष्का, नववीतली, उंच, आवाज बसेपर्यंत ओरडणारी. पण कादवाच्या पोरींनी टाचा रोवल्या आणि "खेच गं, खेच गं" करत दोर असा ओढला की तनिष्कासकट सगळं दारणा मातीत लोळलं. वेदिका दोराच्या शेवटाला होती. तिच्या तळहातांची सालं निघाली. ते हात वर करून ती ऑफिसच्या खिडकीकडे धावत आली.

"आई, एकशे अठरा झाले आमचे! दारणाचे एकशे चौदाच! बाकीची दोन तर पार मागं!"

"अजून मार्चच्या डब्या मोजायच्यात," शुभांगी म्हणाली.

वेदिकाचा चेहरा किंचित उतरला. "हो. पाडव्याच्या आदल्या दिवशी आमच्या नऊ जणींना उशीर झाला होता." मग लगेच म्हणाली, "पण तरी बघू!"

बायडाबाईनं डब्या टेबलावर आणून ठेवल्या आणि पदरानं तोंड पुसलं. "मोज बाई. पोरी बाहीर जीव टांगून बसल्यात." दारापाशी जाऊन ती थांबली. "खरं हाय का गं ते? शाळेचं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दोन मानसं आल्ती टेप घिऊन. गेट मोजत व्हती. शाळेचं गेट कोन मोजतं बाई?" उत्तराची वाट न बघता ती निघून गेली.

शुभांगीनं हिरवी डबी उपडी केली. तीन. एकशे चौदातून तीन गेले, एकशे अकरा. मग पिवळी डबी. ती हलवली तरी कळत होतं. टेबलावर चिंचोके पसरले आणि ती बोटानं एकेक बाजूला सारत गेली. चौदा. एकशे चार.

सातानं गेलं.

चौदा चिंचोके. गुळगुळीत, तपकिरी. एकेकामागची पहाट तिला ठाऊक होती. बोटांना चिकटलेला झेंडूचा तो उग्र वास, टोपलीखाली ओली झालेली पाठ, आणि मग गेटवर "आली गं फुलराणी, आता तरी जाग आली का" म्हणून हसणाऱ्या बाकीच्या पोरी. तिच्या नावाचेही असे किती पडले असतील. पाडव्याला सगळ्या नाशिकच्या दारांना तोरणं लागली ती कुणी खुडलेल्या फुलांची? आणि गुण वजा कुणाचे?

स्वतःच्याच हातानं तिला लेकीचा तेरावा दाखला लिहायचा होता. गेटला अजून एकदाच रंग लागणार होता. फार तर दोन महिने राहील. दोन महिने तर दोन महिने. लेकीच्या बोटाला वरचा, ताजा, स्वतःचा पिवळा लागू दे की एकदा. कुणाचं काय जाणार आहे?

सात काढले तर बरोबरी होत होती. तिनं आठ काढले आणि पर्समधल्या आतल्या कप्प्यात टाकून चेन लावली. उरलेले सहा परत डबीत टाकले. मग फळ्यावर, एरवीपेक्षा जरा मोठ्या अक्षरांत, लिहिलं. कादवा एकशे बारा. दारणा एकशे अकरा.

जो काही गलका झाला, तो थेट मुख्य रस्त्यापर्यंत गेला असेल. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडल्या, मातीत लोळल्या. मखमलाबादच्या दोघी तर बायडाबाईलाच उचलून नाचायला लागल्या. "मेल्यांनो, हाडं मोडतील माझी!" ती ओरडत होती. खाली टेकल्यावर तिनं टेबलावरची पिवळी डबी उचलली, कानापाशी नेऊन हलवली, आणि शुभांगीकडे पाहिलं. डबी पुसली आणि जागेवर ठेवली.

तनिष्का ऑफिसच्या दारात आली. गुडघे माखलेले, आवाज पार गेलेला. शुभांगीनं पर्स जवळ ओढली. आता ही म्हणणार, मॅडम, परत मोजा. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. चिंचोके अजून पर्समध्येच होते.

"मॅडम, अभिनंदन," तनिष्का घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुम्ही पण कादवाच्याच ना? एका गुणानं हरलो आम्ही, इतका राग आला! पण त्या बिचाऱ्यांना कधी मिळतच नाही. बरंच झालं." मग बाहेर वळून तिनं वेदिकाची वेणी ओढली. "ए पिवळे! पुढच्या वर्षी बघून घेते तुम्हाला. एकेकीला चिखलात लोळवते!"

"बघ बघ, लोळव!" वेदिका खिदळली.

दोघी पुढच्या वर्षाची भांडणं भांडत गेल्या.

शाळा सुटताना मोठ्या बाईंनी तिला पुन्हा आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर गुणांचा कागद होता. "कादवाचे उशीर चौदा-पंधरा तरी होतील असं वाटलं होतं मला," त्या म्हणाल्या. "पाडवा होता ना." मग चष्मा काढून डोळे चोळले. "असो. पोरी खूश आहेत. शुभांगी, गेटचं मात्र थांबव. संस्थेचा फोन होता. गेटला हात लावायचा नाही. जागा घेणाऱ्यांनी ते जसं आहे तसं मागितलंय."

"बाई, एक दिवसाचं काम आहे. सोमवारी सकाळी..."

"मी बोलले त्यांच्याशी. हात जोडले म्हटलं तरी चालेल." बाई खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या. "मुलींना सांग, सुट्टीनंतर रंगवू."

शुभांगीनं गेटपाशी जमलेल्या पोरींना सांगितलं. "सुट्टीनंतर," ती म्हणाली. "तेव्हा निवांत रंगवू. नवा ब्रश आणू." कुणी कुरकुरलं, कुणी लगेच मान डोलावली. तिच्यावर अविश्वास दाखवायचं कुणाला कारणच नव्हतं. वेदिकानं जाता जाता बिजागरीजवळच्या ठिपक्याला बोट लावलं आणि म्हणाली, "थांब हं थोडे दिवस."

स्कूटरवर मागं बसून ती सगळ्या रस्त्यानं बडबडत होती. बाबा मनमाडला रेल्वेत, शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी येतात. त्यांना आधी कोण सांगणार? मीच सांगणार. तू मधे बोलायचं नाहीस. आणि आजीला फोन करायचा, मळ्यात सगळ्यांना सांगायला. "आई, तू रडतेयस का?"

"धूळ गेली डोळ्यात."

घरी आल्यावर शुभांगीनं पर्स ओट्यावर ठेवली. आत काहीतरी खुळखुळलं. तिनं पटकन ती उचलून फडताळात, डाळीच्या डब्यामागं सरकवली. कुकर लावला. हळद कालवून लेकीच्या सोललेल्या तळहातांना लावली. ते हात पिवळेधमक झाले, तेव्हा वेदिका हसून म्हणाली, "बघ, आधी मीच रंगले!"

मग ती गणिताची वही घेऊन पाटावर बसली. हळदीचे हात लागू नयेत म्हणून कोपरानं पानं उलटत ती शेवटच्या पानावर आली. कुकरची शिट्टी झाली, तरी तिनं मान वर केली नाही.

"काय गं करतेस?"

"बाबांना दाखवायचंय. आमच्या सगळ्या उशिरांची नोंद आहे माझ्याकडे, मार्चची. रोज बायडाबाईच्या शेजारी उभी राहून लिहायचे मी, म्हणजे कुणाला दामटायचं ते कळतं ना." तिनं पान आईपुढं धरलं. बारीक, गोल अक्षरांत चौदा नावं. काही नावं दोनदा, तीनदा. खाली वजाबाकी, खोडून पुन्हा केलेली. एकशे अठरा वजा चौदा. एकशे चार.

शुभांगीला ते पान दिसलं आणि मग काहीच दिसेना.

"तीनदा केलं मी. एकदा बोटांवर पण केलं. दर वेळी आपण सातानं हरतोय." वेदिकानं पेन्सिलीचं टोक ओठांत धरलं. तिच्या कपाळावर आठी होती, पण डोळ्यांत संशयाचा मागमूस नव्हता. होता तो फक्त आईवरचा, फळ्यावरच्या तिच्या अक्षरावरचा अढळ विश्वास. "तू तर बरोबरच मोजलं असशील. मग सांग ना, आई, माझं कुठं चुकलं?"