विहिरीत शिकलेली बाई

माझा सासरा दिलेला शब्द मोडत न्हाय, आणि मी मागं सरत न्हाय. आमच्या घरात भांडणं होतात ती यामुळंच.

मी नीलम्मा. जळकोटच्या शिवारातल्या वस्त्यांवर सायकलवरनं टपाल वाटते, पंधरा वर्षं झाली. रोजचं अठरा किलोमीटर, तेबी पांदीतनं आणि बांधावरनं. माहेर कर्नाटकातलं, आळंदकडचं. तिकडं सहाव्या वर्षी बापानं मला विहिरीत ढकललं आणि वरनं ओरडला, "नीरिगे हेदरबेड!" म्हणजे पाण्याला भिऊ नको. तेव्हापासनं मी पाण्यालाबी भ्याले न्हाय आणि माणसालाबी.

सासरी आले तर शेतात ही भली मोठी गोल दगडी विहीर. माझे सासरे कल्याणप्पा म्हणजे पंचक्रोशीतले पोहण्याचे मास्तर. पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांनी अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं. अर्ध्या म्हणजे बाप्यांच्याच अर्ध्याला. बाईमाणूस एक न्हाय. मग दोन वर्षांमागं मीच सुरुवात केली. दुपारची जेवणं झाली की आम्ही बाया विहिरीवर. आधी एक आली, मग तीन, मग नऊ. गावात कुरकुर झाली, मग लोकांना सवय झाली. मामा, म्हणजे सासरे, काही बोलले न्हाईत.

बोलले न्हाईत ते आत्यांची गोष्ट होईपर्यंत.

आत्या म्हणजे माझी सासू, केशरबाई, वय सदुसष्ट. पन्नास वर्षं त्या विहिरीच्या काठावर न्याहरी घेऊन आल्या, पण पाण्यात पाय घोट्याच्या वर कधी गेला न्हाय. यंदा दिवाळीनंतर एका दुपारी हळूच म्हणतात कशा, "नीले, माझ्या पाठीला बांध की गं तो भोपळा. मरायच्या आधी एकदा तरंगून बघू दे." मी कशाला न्हाय म्हणते? बांधला. आत्या शेवटच्या पायरीवर कंबरभर पाण्यात उभ्या, दोन्ही हात माझ्या हातात, आणि वर बघतो तर मामा. आत्या तशाच ओल्या लुगड्यानं वर गेल्या. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाला येऊन विहिरीचं माप घेऊन गेला, आणि आठवड्यात विहीर झाकायची लोखंडी जाळी गोठ्याला टेकून उभी!

माझं डोकं फिरलं. सरळ जाऊन विचारलं, "मामा, ही जाळी कशापायी?"

"विहिरीतलं पोहणं म्हंजी पोहणं न्हवं, नीलम्मा. ते गोल फिरणं हाय. उद्या ह्या बाया म्हणतील आमाला येतंय, आणि जातील तलावात. बुडतील. ते पाप माझ्या विहिरीला नको."

"मी जाऊन दाखवू तलावात?"

माझ्या पिशवीत कागद तयारच होता. पुण्याच्या कुठल्या मंडळींनी आमच्या भागात रानवाटेवरची तिहेरी शर्यत ठेवली होती. साठवण तलावात साडेसातशे मीटर पोहायचं, मग रानातनं वीस किलोमीटर सायकल, मग माळावरनं सहा किलोमीटर पळायचं. अर्ध्या तासात पाण्यातनं बाहेर आलं न्हाय तर तिथंच बाद. सगळं मिळून साडेतीन तास.

मामांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "वेळेत पुरी कर. जाळी भंगारात घालतो. न्हाय जमलं, तर त्याच दिवशी बसवतो आणि तू परत तोंड उघडायचं न्हाय."

"कबूल."

नवरा शिवप्रसाद बाजूला चहा पीत होता. "तुमा दोघांच्या मधी मी पडत न्हाय," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरहून जुनी गिअरची सायकल घेऊन आला.

आता तयारीचं सांगते. विहिरीला दोरी फिरवून माप घेतलं. काठाकाठानं एक फेरा तीस मीटर. पंचवीस फेरे म्हणजे साडेसातशे. मी रोज तीस मारायची. गणित चोख! पहाटे कालव्याच्या कडेनं पळायची, तर गोरोबाकाका रोज हटकून विचारायचे, "पोस्टीणबाई, कुत्रं लागलंय का मागं?" मी पळता पळता ओरडायची, "स्पीड पोस्ट हाय काका!" मी जिंकणार अशी माझी खात्री न्हवती, पण वेळेत पुरी करणार, यात मला तिळभर शंका न्हवती.

शर्यतीचा दिवस निघाला वेळ अमावस्या, शेताच्या पूजेचा सण. पुण्याच्या मंडळींनी रविवार बघून तारीख धरली, त्यांना काय ठाऊक! आमच्याकडं त्या दिवशी गावात माणूस औषधाला सापडत न्हाय. सगळी घरंदारं शेतात, कडब्याची कोप म्हणजे खोपटं, पूजा, पालेभाज्या-शेंगांची पातळ भज्जी, आंबील. मी आत्यांना म्हणाले, "नैवेद्याला पोचते." आत्या म्हणाल्या, "पोच बाई. पण आधी पुरी कर."

सकाळी सातला तलावाच्या काठावर आम्ही साठ-सत्तर जण. बाया पाचच. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं, हे तलावाचं पाणी बर्फागत. शिट्टी झाली, मी उडी घेतली. वीस हात मारले, डोकं वर काढलं, तर समोर असायला हवा तो खुणेचा लाल फुगा उजवीकडं गेलेला. म्हटलं, वाऱ्यानं सरकला असंल. तोंड वळवलं, परत वीस हात. परत फुगा उजवीकडं. नावेतला पोरगा ओरडला, "ताई, उजवीकडे! तुम्ही डावीकडे चाललाय!" तिसऱ्या वेळी डोकं वर काढलं आणि काय बघते, जिथनं उडी मारली तोच काठ समोर. काठावर शिवप्रसाद, तोंड आ वासून.

खरं सांगते, तेव्हा मी भ्याले. पाणी गिळलं. कानात मामांचा आवाज, ते गोल फिरणं हाय, नीलम्मा. आणि मग असा राग आला म्हणता! माझ्यावर, मामांवर, त्या फुग्यावर. रागानं माझं डोकं नेहमीच चांगलं चालतं. जाग्यावर तरंगत विचार केला. सहाव्या वर्षापासनं मी पोहतेय ती उजव्या हाताला भिंत धरून. दर हाताला दगड दिसतो, त्या दगडाच्या हिशेबानं अंग वळतं. उजवा हात लांब, डावा हात आखूड, अशीच सवय. इथं भिंत न्हाय, पण अंग आपलं वळतंय गुमान डावीकडं. मी तलावात विहीर पोहत होते!

मग म्हटलं, भिंतच पाहिजे ना? शोधू.

पिवळ्या टोपीचा एक गडी रेघ मारल्यागत सरळ चालला होता. त्याला गाठलं, माझ्या उजव्या हाताला ठेवलं, आणि दर हाताला त्याची टोपी बघत निघाले. तो जरा सरकला की मी सरकायची. मधी त्यानं तोंड वर काढलं, "अहो मॅडम, एवढा मोठा तलाव आहे, माझ्याच अंगावर का येताय?"

"दादा, तुम्ही माझी भिंत हायत! सरळ चला, बोलू नका!"

काय समजलं त्याला देव जाणे, पण सरळ चालला बिचारा. काठाला हात लागला तेव्हा घड्याळात अठ्ठावीस मिनिटं. शिवप्रसादचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं नुसता टॉवेल पुढं केला.

सायकल म्हणजे माझं राज्य. कालव्याला पाणी सोडलेलं, त्यामुळं पाच-सहा ठिकाणी वाटेवर काळ्या मातीचा चिखल. भारीतल्या भारी सायकली तिथं अडकून बसल्या, चाकात माती गच्च, लोक काडीनं उकरतायत. काळ्या मातीशी जोर करून चालत न्हाय, तिला वळसा घालायचा असतो. मी रोज करते तेच केलं. सायकल खांद्यावर, पाय बांधाच्या गवतावर, आणि पलीकडं जाऊन परत टांग. अकरा जण मागं टाकले. मोजले मी, का न्हाय मोजायचं?

पण खरी मजा पुढं. शेताशेतांत माणसं, आणि वेळ अमावस्येला शेतावरनं कुणी उपाशी जायचं न्हाय ही आमची रीत. "या जेवायला! अवो टोपीवाले, या की!" पुण्याचे लोक हात हलवून पुढं जायचे, तर आमचे लोक आडवे व्हायचे. नानासाहेब म्हणून एक म्हातारे तर वाटेतच आंबिलीची घागर घेऊन उभे. मी ओरडले, "नानासाहेब, थांबायला वेळ न्हाय, तांब्या हातात द्या!" सायकलवर बसूनच तांब्या रिकामा केला. आंबट, गार, पोटात गेली आणि अंगात जीव आला. कोपीत नजर गेली तर काय? माझी भिंत पंगतीला बसलेली! पिवळी टोपी मांडीवर, पुढ्यात भज्जी आणि दोन भाकरी. मला बघून त्यानं हात वर केला. "मॅडम, हे लोक सोडतच नाहीत!" मी म्हटलं, "जेवा सावकाश. आता मला सरळ जाता येतंय."

माळावरच्या शेवटच्या चढाला मात्र पिंढरीत गोळा आला. दोन मिनिटं दगडावर बसून पाय चोळला, शिव्या घातल्या, उठले. लंगडत पळाले, पण पळाले. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा तीन तास बावीस मिनिटं झाली होती. गळ्यात पदक पडलं. मला पदकाचं काही वाटलं न्हाय, मला जाळी दिसत होती.

शेतावर पोचलो तर नैवेद्य व्हायचा होता. कोपीपुढं सगळी जमलेली, माझ्या नऊच्या नऊ बायाबी आपापली शेतं सोडून आलेल्या. आणि विहिरीच्या कडेला ती जाळी आणून ठेवलेली. बाजूला नटबोल्ट, ते आवळायचे पाने, सगळं मांडून मामा बसलेले. शिवप्रसाद आरडाओरडा करत पुढं धावला, "तीन तास बावीस! वेळेत! आठ मिनिटं राखून!" बायांनी टाळ्या पिटल्या.

मामा हसले न्हाईत. मला जवळ बोलावलं. हळूच विचारलं, "डावीकडं ओढलं?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"बावीस वर्षांचा होतो. पोरांच्या नादानं तलावात उडी मारली, सगळ्या गावाला पोहायला शिकवणारा मी. गोल गोल फिरलो. काठ घावंना. तिघांनी केसाला धरून ओढून काढलं. त्यांच्याकडनं शपथ घेतली, कुणाला सांगायचं न्हाय." मामा पान्याकडं बघत होते. "त्या दिवसापासनं विहिरीच्या भाईर पाण्यात पाय ठेवला न्हाय. मला वाटायचं, माझ्यातच खोट हाय. मग वाटायचं, विहिरीतच खोट हाय."

माझा पारा चढला. "आणि हे ठाऊक असून मला पाठवलं? सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली," मामा म्हणाले. "पण नावा किती असत्यात, माणसं पोहणारी असत्यात का, ते शिवप्रसादला तीनदा विचारायला लावलं. तो काठावर उगंच उभा न्हवता." मग त्यांनीच विचारलं, "तू कशी सुटलीस?"

"एक माणूस उजव्या हाताला धरला. त्याची भिंत केली."

मामांनी समोरचा पाना बाजूला सारला. मग म्हणाले, "माणूस धरायचं मला सुचलं न्हाय."

उठले. पाने उचलून गोठ्यात ठेवून आले. येताना खुंटीवरचा भोपळा घेऊन आले. आणि सगळ्यांच्या समोर, ज्या माणसानं पन्नास वर्षांत "अगं ए" शिवाय हाक मारली न्हाय, त्यानं हाक मारली, "केशर!"

आत्या आंबिलीचा डाव हातात घेऊन उभ्याच राहिल्या. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मामांनी कुणाकडं बघितलं न्हाय. आत्यांच्या पाठीला भोपळा स्वतः बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि धोतराचा काचा मारून आधी आपण पाण्यात उतरले. आत्या शेवटच्या पायरीवर उतरून थांबल्या.

"काठाकाठानं जाऊ?" आत्यांनी विचारलं.

"न्हाय. सरळ. त्या समोरच्या दगडापर्यंत," मामा म्हणाले. "माझ्याकडं बघत चल. उजव्या हाताला मी हाय."

आत्यांनी पायरी सोडली. एक गटांगळी खाल्ली, किंचाळल्या, "नीले, धर गं!" मी काठावरनं ओरडले, "आत्या, मी न्हाय, मामा हायत!" मग त्यांनी मान वळवली, उजवीकडं बघितलं, आणि हात मारायला लागल्या. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतनं पाणीबी येत होतं, आणि मी ते पुसलं न्हाय.

विहिरीच्या मधोमध, रेघ धरल्यागत, आत्या पलीकडच्या दगडाला पोचल्या. नैवेद्य त्या दिवशी तासभर उशिरा झाला.