गेलर्ड फॉसच्या पाट्या

सोमवारी सकाळी गेलर्ड फॉस ऑफिसात आला आणि त्याने माझ्या टेबलावर, माझ्या कॉफीच्या अगदी शेजारी, तारेचं एक वाकडं स्टँड ठेवलं. स्टँडवर काही नव्हतं. म्हणजे जे असायला हवं होतं ते नव्हतं. ‘फॉस : अनुभवी हात’ अशी प्रचाराची निळी पाटी कुणीतरी उपटून नेली होती आणि महिन्यातली ही सतरावी होती.

मी शेरीफच्या ऑफिसात एकोणीस वर्षं रेडिओवर बसते. सॉल्टग्रास काउंटीत कुणाच्या गाई रस्त्यावर आल्या आणि कुणाचा नवरा घरी आला नाही, हे आधी मला कळतं. गेलर्ड इथे डेप्युटी होता तेव्हापासून मी त्याला ओळखते. रोंडा ब्राटलँड नवीन लागली तेव्हा तिला बेड्या कशा घालायच्या आणि अहवाल कसा लिहायचा, हे त्यानेच शिकवलं. पुढे तो निवृत्त झाला, ती शेरीफ झाली. सहा वर्षं घरी बसून कंटाळल्यावर या निवडणुकीत तो तिच्याच विरोधात उभा राहिला.

रोंडा बाहेर आली. तिने स्टँड पाहिलं आणि सांगितलं, की हा तपास तिने करणं बरं दिसणार नाही, ती शेजारच्या काउंटीतून माणूस मागवते.

“नको,” गेलर्ड म्हणाला. “तूच कर. चोर तुझ्याच घरात निघणार आहे. तुझं तोंड कसं होतं ते मला बघायचंय.”

त्याचा रोख कुणावर होता, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. रोंडाची सासू आर्डिस. वय एकोणऐंशी. गेल्या हिवाळ्यात तिने पोस्टासमोरचा झेंड्याचा खांब गाडीने आडवा केला आणि उतरून पोस्टमास्तरला विचारलं, की खांब मध्येच कशाला उभा केलात. रोंडाने स्वतः कागद भरून तिचा परवाना रद्द करवला. तेव्हापासून आर्डिस सुनेला घरात ‘शेरीफसाहेब’ म्हणते. जेवताना मीठ घेण्याआधी परवानगी मागते.

तरी रोंडाने त्याच संध्याकाळी घरच्यांची चौकशी केली. ती मला दुसऱ्या दिवशी सगळं सांगत होती. नवरा लायल शाळेची बस चालवतो, त्याच्या प्रत्येक मिनिटाला चाळीस पोरं साक्षीदार. मुलगी ब्रिटा सोळा वर्षांची. ती म्हणाली, “आई, मला गेलर्डकाकांच्या पाट्यांत रस नाही. गुरुवारी चारला माझी व्हॉलीबॉलची मॅच आहे, त्यात तुला आहे का?” या मोसमातल्या सहा मॅचपैकी रोंडाने एक पाहिली होती, तीही अर्धी. तिने शब्द दिला. आणि आर्डिसने ताटातल्या मीटलोफवरून नजर न काढता सांगितलं, की वकील आल्याशिवाय ती बोलणार नाही.

“दोषी माणसं असंच म्हणतात,” रोंडा मला म्हणाली. “पण ती मिठाबद्दलही असंच म्हणते.”

मग ती गावभर फिरली. परत आली तेव्हा तिला एक गोष्ट खटकली होती. पाटी गेली होती तिथे प्रत्येक ठिकाणी खड्डा बुजवलेला होता. माती दाबून, वर गवत सारखं करून. मस्ती करणारी पोरं खड्डे बुजवत नाहीत. राजकारण करणारी माणसं तर नाहीतच. शिवाय गेलर्डच्या तक्रारी नेहमी बुधवारी आणि शुक्रवारी यायच्या. एकदाच तो सोमवारी आला होता, कारण मधे शुक्रवारपासून रविवारपर्यंत त्याला पडसं झालं होतं.

मी भिंतीवरच्या नकाशावर सतरा टाचण्या टोचल्या. रोंडा त्यांच्यासमोर हातात डोनट धरून उभी राहिली आणि खायची थांबली.

“डार्ला,” ती म्हणाली, “हा रस्ता मी चालवलाय.”

आमच्या लुथरन चर्चच्या बायका मंगळवारी आणि गुरुवारी म्हाताऱ्याकोताऱ्यांना गरम जेवण पोचवतात. आर्डिसचा परवाना गेला तेव्हा तिची पाळी भरून काढायला रोंडाने महिनाभर ती व्हॅन चालवली होती. सतराच्या सतरा टाचण्या त्या व्हॅनच्या वाटेवर होत्या. आता ती व्हॅन मर्ना चालवायची आणि आर्डिस शेजारी बसून डबे द्यायची. मर्ना म्हणजे मर्ना फॉस. गेलर्डची बायको.

गुरुवारी अकराला रोंडाने मला बरोबर घेतलं. डेप्युटी कोर्टात होता आणि तिला साक्षीदार हवा होता, नाहीतर उद्या गेलर्ड म्हणाला असता की तिने घरचं माणूस झाकलं. तिची गाडी ऑफिसातच ठेवून आम्ही माझ्या जुन्या गाडीतून गेलो आणि बीटाच्या ढिगाऱ्याआड थांबलो. ऑक्टोबरचं ऊन होतं, बीटाचा वास होता, आणि माझ्या गाडीचा हीटर बंद होत नव्हता.

पांढरी व्हॅन आली. स्टिअरिंगवर आर्डिस होती.

व्हॅनने वळायच्या शंभर फूट आधी इंडिकेटर दिला, वेग कमी केला आणि म्हाताऱ्या लुंडीनच्या पत्रपेटीशी अलगद थांबली. मर्ना उतरली. तिने गेलर्डची पाटी दोन्ही हातांनी वर ओढली, स्टँड कडेला ठेवलं, टाचेने खड्डा बुजवला, वाकून गवत नीट केलं. मग पाटी व्हॅनमध्ये टाकून जेवणाचा डबा घेऊन लुंडीनच्या दारी गेली.

“इंडिकेटर देतेय,” रोंडा शेवटी म्हणाली. “तेवीस वर्षांत माझ्यासमोर कधी दिला नाही.”

आम्ही व्हॅनशी जाऊन उभ्या राहिलो. आर्डिसने काच खाली केली आणि विचारलं, की शेरीफसाहेबांना परवाना बघायचाय का. रोंडा म्हणाली, असेल तर दाखवा. आर्डिसने पर्समधून ग्रंथालयाचं कार्ड काढून दिलं.

मागे एकवीस पाट्या रचलेल्या होत्या, त्यांवर जेवणाचे डबे. मर्ना परत आली, आम्हाला पाहिलं आणि पायरीवरच थबकली. मग तिने सरळ हात पुढे केले, बेड्या घालायला. रोंडाने विचारलं, अजून किती डबे राहिलेत. अकरा, मर्ना म्हणाली, आणि गाजरं निवतायत.

म्हणून शेरीफने व्हॅन चालवली, माझी आर्डिसशेजारी मागच्या बाकावर रवानगी झाली, आणि त्या दिवसाचा जबाब अकरा दारांत थांबत थांबत घेतला गेला.

मर्नाने सांगितलं, की गेलर्डने निवृत्तीच्या दिवशी कॅम्पर घेतली, आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. समुद्र बघायला जायचं ठरलं. मर्ना सदुसष्ट वर्षांची आहे आणि तिने समुद्र पाहिलेला नाही. पहिल्या वर्षी त्याचा गुडघा, मग कुत्रं, मग छप्पर. या वर्षी तो म्हणाला, निवडणूक. जिंकला तर चार वर्षं. कॅम्परमध्ये आता तो बटाटे ठेवतो.

“त्याला हे सांगितलं होतंत?” रोंडाने विचारलं.

“त्याला वाटतं मला अभिमान वाटतोय.”

मग रोंडाने आरशातून सासूकडे पाहिलं. आवाज जरा मऊ करून ती म्हणाली, “आर्डिस, तुम्ही हे माझ्यासाठी केलंत, ते कळतंय मला. पण...”

“तुझ्यासाठी?” आर्डिस म्हणाली. “बाई, तू जिंक नाहीतर हर. मर्ना मला गाडी चालवू देते.”

मी खिडकीबाहेर बघायला लागले. खांदे हलताना दिसू नयेत म्हणून.

शेवटचा डबा दिला तेव्हा दोन वाजून गेले होते. गेलर्डच्या घरी गेलो तर तो गॅरेजमध्ये नव्या पाट्या स्टँडवर चढवत होता. व्हॅनमधून आधी आर्डिस उतरली, तसा त्याचा चेहरा उजळला. मागून मर्ना हातात एकवीस पाट्या घेऊन उतरली आणि तो विझला.

मर्नाने सगळं स्वतः सांगितलं. गेलर्ड ऐकत उलट्या बादलीवर बसला. बराच वेळ तो हातातल्या तारेला सरळ करत राहिला.

“मला वाटायचं, मी घरात असलेला तुला आवडत नाही,” तो म्हणाला. “सारखी म्हणतेस, पाय उचल, झाडू मारायचाय.”

“घरात मला तू नकोच आहेस,” मर्ना म्हणाली. “मला तू त्या गाडीत हवा आहेस.”

गेलर्डने रोंडाकडे पाहिलं. तक्रार मागे घेता येते का, विचारलं. रोंडा म्हणाली, पाट्या तुमच्याच घरच्या, तुमच्याच बायकोने आणल्यात, यात चोरी कुठली लिहू. तो उठून कॅम्परकडे गेला आणि बटाट्याची पोती बाहेर काढायला लागला. आर्डिस त्याला कुठली आधी काढायची ते सांगायला गेली.

तिला मात्र रोंडाने तिथेच, सगळ्यांसमोर, विनापरवाना गाडी चालवल्याची चिठ्ठी फाडून दिली. आर्डिसने ती वाचली आणि सुनेच्या अक्षराला नावं ठेवली.

या सगळ्यात पाच वाजले. मॅच शेजारच्या गावी होती, वीस मैलांवर. रोंडाने घड्याळ पाहिलं, तेव्हा तिचा चेहरा एवढ्या वर्षांत मी कधी पाहिला नव्हता तसा झाला. ऑफिसात परत येऊन आम्ही तिच्या गाडीतून निघालो. अर्ध्या वाटेवर समोरून पिवळी बस येताना दिसली. मॅच संपली होती.

रोंडाने गाडी वळवली आणि लाल-निळे दिवे लावले.

बस कडेला थांबली. लायलने काच उघडून गंभीरपणे विचारलं, की त्याच्याकडून काय चुकलं. रोंडा म्हणाली, तपासणी आहे. ती वर चढली तशी पोरी एकदम गप्प झाल्या. ब्रिटा शेवटच्या बाकावर, गुडघ्याला बर्फाची पिशवी लावून, खिडकीकडे तोंड करून बसली होती.

गाडी मला परत न्यायची होती, म्हणून मी खालूनच बघत होते. रोंडा तिच्या शेजारी जाऊन बसली. मग रोंडाने काहीतरी सांगायला सुरुवात केली, हाताने इंडिकेटरची खूण केली, आणि ब्रिटा इच्छा नसताना हसली. बस निघाली. त्या तीन-एकने हरल्या होत्या, पण ब्रिटाने नऊ गुण घेतले होते, आणि घरी पोचेपर्यंत तिने ते नऊच्या नऊ आईला पुन्हा खेळून दाखवले, असं लायल सांगतो.

मतपत्रिका छापून झाल्या होत्या, त्यामुळे गेलर्डचं नाव तसंच राहिलं. तो निकालाच्या आठवडाभर आधीच निघून गेला होता. रोंडा निवडून आली. न्यायाधीशांनी आर्डिसला दंड करायच्या ऐवजी वीस गुरुवार जेवण पोचवायला सांगितलं, शेजारच्या सीटवर बसून. ती म्हणाली, ही शिक्षा दंडापेक्षा वाईट आहे.

गेलर्ड हल्ली ओरेगनच्या किनाऱ्यावरून रोज दहाला ऑफिसात फोन करतो. कुणाला पकडलं, कुणाच्या गाई सुटल्या, बर्फ हटवणारी गाडी वेळेवर निघाली का, सगळं विचारतो. मी सांगते. परवा तो बोलत असताना मागून मर्नाचा आवाज आला, फोन ठेव आणि चपला काढ, पाणी पायाशी आलंय.

“हिला काय कळतं,” तो मला म्हणाला. मग फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला, आणि लाइनवर बराच वेळ नुसत्या लाटा ऐकू येत होत्या.