कृपया इंग्रजीत लिहा

"विनी, ही केस तू बंद केलेलीस?" प्रफुल्लने स्क्रीन तिच्याकडे वळवली.

पत्र लिहिणाऱ्या म्हातारीचं नाव विनिफ्रेडने लगेच ओळखलं. ठाण्यातल्या या ऑफिसात ती वेल्समधल्या एका पालिकेचं टपाल हाताळत असे. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, तिकडे वेल्श भाषेला कायद्याने इंग्रजीइतकाच मान आहे. वेल्शमध्ये पत्र आलं की उत्तरही वेल्शमध्येच जायला हवं. त्यासाठी ते भाषांतरवाल्यांकडे पाठवायचं. पण त्यात दोन दिवस जात, आणि रोजच्या चाळीस पत्रांचा कोटा आ वासून बसलेला. मग विनिफ्रेडने पळवाट काढली. 'कृपया इंग्रजीत लिहा' हे तयार उत्तर टाकायचं, की केस बंद. या म्हातारीला तिने ते दोनदा टाकलं होतं.

स्क्रीनवरचं म्हातारीचं हे तिसरं पत्र इंग्रजीत होतं. 'तुम्ही म्हणालात म्हणून इंग्रजीत लिहिते. आजारपणात माझे पती इंग्रजी विसरून गेले होते. वेल्श बोलणारी मदतनीस मिळेल का, एवढंच मी विचारत होते. आता गरज नाही. मंगळवारी त्यांना पुरलं.'

"वर तक्रार गेली ना, वाट लागेल आपली," प्रफुल्ल म्हणाला. "आजच सॉरीचं लेटर टाक. तिला इंग्लिश येतं, इंग्लिशमध्येच टाक."

विनिफ्रेडला माय आठवली. हॉस्पिटलात शेवटी शेवटी माय गावच्या बोलीत म्हणायची, "मना हीव लागतं." केरळची नर्स नुसती बघत राहायची. आणि कॉन्व्हेंटात शिकलेली विनिफ्रेड शरमून म्हणायची, "माय, हिंदीत सांग ना गं त्यांना." मायने मग सांगणंच सोडलं. चादर नाकापर्यंत ओढून, कुडकुडत पडून राहायची. हे पाप विनिफ्रेडने कन्फेशनमध्येही कधी सांगितलं नव्हतं.

"वेल्शमध्ये जाईल," ती म्हणाली.

"अगं, दोन दिवस जातील. तुझा कोटा?"

"जाऊ दे. ती दोन्ही उत्तरं मीच टाकलेली, हे पण लिहिणारे मी त्यात."

दोन दिवसांनी पत्र वेल्शमध्ये होऊन आलं. अक्षरं ओळखीची, पण शब्द एकही कळेना. तरी ओळीखाली बोट धरून ती शेवटपर्यंत गेली. तळाशी तिचं नाव होतं, तेवढंच तिला वाचता आलं. मग तिने पत्र पाठवून दिलं.

डोक्यावरचा एसी अंगावर येत होता. खुर्चीच्या पाठीवर तिची शाल होती. ती तिने ओढून घेतली नाही.